सीमा रणपिसे आणि अडलेल्या टोप्या

शिक्रापूरच्या आमच्या कारखान्यात विजेचे फ्यूज तयार होतात. करंगळीएवढी चिनी मातीची नळी आणि तिच्या दोन्ही टोकांना पितळी टोप्या, एवढाच मामला. टोप्या बसवणारे प्रेस तीन, आणि त्या तिघांचा डॉक्टर मी. नाव म्हाळू, पण सव्वीस वर्षं फिटर राहिल्यावर साहेबलोकही आप्पा म्हणतात. स्वतःविषयी माझं मत चांगलं आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे ते जरा खाली येणार आहे.

गोष्ट सीमा रणपिसेची. बाई खुटबावची, शिक्रापुरात खोली घेऊन राहते, रविवारी गावी जाते. दोन नंबरचा प्रेस अकरा वर्षं तीच चालवते, पण कागदावर हेल्पर. का, असं विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही.

प्रेसचं सगळं नाटक त्याच्या फीडरमध्ये असतं. थरथरणाऱ्या वाटीत टोप्या ओतायच्या. त्या कडेकडेने रांग धरून वर चढतात, उताणी टोपी परत खाली पडते, सरळ टोपी पन्हाळीतून प्रेसखाली येते. एक अडली की मागच्या सगळ्या अडल्या. मग आम्ही फिटर पाने घेऊन धावतो आणि नको ते उघडून बसतो. सीमा काही उघडत नाही. वाटीवर तळहात ठेवते, कान देते, आणि शेकड्यांतली चेपलेली एक टोपी चिमटीत धरून बाहेर काढते. तुला कळतं कसं, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाली, चार पोरं खेळत असली आन् त्यातलं एक गप झालं, तर आईला कळतंच की.

यंदा नवा नियम निघाला. दिवाळीनंतर प्रेसवर फक्त ऑपरेटर, हेल्पर सगळे पॅकिंगला. ऑपरेटर व्हायचं तर परीक्षा द्यायची. फिटरने मशिनमध्ये गुपचूप एक बिघाड करून ठेवायचा, उमेदवाराने अर्ध्या तासात तो शोधून मशीन चालू करायचं, आणि तोवर फिटरने तोंड उघडायचं नाही. सीमाची परीक्षा दसऱ्यानंतरच्या शनिवारी लागली. खोक्यांना चिकटपट्ट्या लावत म्हातारं व्हायचं तिच्या जिवावर आलं होतं. डब्यातली भाकरी अर्धी परत जायला लागली, हे मी बघत होतो.

खंडेनवमीला आमच्याकडे दुपारीच मशिनं थांबतात. जो तो आपलं मशीन घासूनपुसून लख्ख करतो, हार घालतो, नारळ फोडतो. सीमा त्या दिवशी रजेवर होती. ती दर दसऱ्याला दीक्षाभूमीला जाते, दौंडहून नागपूरची गाडी धरते. तीन मशिनांत तिचंच तेवढं पोरकं दिसायला लागलं. मला राहवेना. हळदकुंकू तिला चालायचं नाही एवढी अक्कल मला होती, म्हणून नुसता झेंडूचा हार घातला. मग चकाकी यावी म्हणून वाटी आणि पन्हाळ खोबरेल तेलाने पुसून काढली, आणि वर नव्या टोप्याही ओतून ठेवल्या. फीडरच्या वरच भिंतीवर पाटी आहे, ‘फीडरला तेल लावू नये’. अक्षर माझंच आहे. कौतुकाच्या भरात माणूस स्वतःची पाटीसुद्धा वाचत नाही.

खंडेनवमीपासून बंद असलेला दोन नंबर शनिवारीच पहिल्यांदा चालू होणार होता. प्रॉडक्शनच्या सोनम मॅडम घड्याळ लावून उभ्या राहिल्या. मी पन्हाळीचा एक नट ढिला करून ठेवला होता. सीमाने दोन मिनिटांत तो हाताने चाचपून शोधला, आवळला. मी मिशीत हसलो. तिने बटण दाबलं. चार टोप्या आल्या आणि पाचवी अडली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

हा बिघाड मी केलेला नव्हता. स्प्रिंग असेल, करंट कमी असेल, वाटीचा तोल गेला असेल, मनातल्या मनात मी सगळं मशीन खोललं. तोंड मात्र बंद. घड्याळ पळत होतं आणि तिची नोकरी माझ्यासमोर पॅकिंगकडे निघाली होती.

सीमाने मूठभर टोप्या उचलल्या. एरवी त्या बोटांतून खुळखुळत गळतात, या एकमेकींना धरून राहिल्या. तिने बोटं नाकाशी नेली आणि एकदाच माझ्याकडे बघितलं. खोबरेल. माझे कान तापले.

मग तिने घाई म्हणून केली नाही. वाटी रिकामी केली, टोप्या चाळणीत घेऊन साबणाच्या गरम पाण्यात धुतल्या, लाकडाच्या भुशात घोळवून कोरड्या केल्या. वाटी आणि पन्हाळ स्पिरिटने पुसली. बटण दाबलं तशा टोप्या शाळा सुटल्यासारख्या धावत आल्या. तोवर सदतीस मिनिटं झाली होती.

मॅडमनी तेल कुणी लावलं ते विचारलं. सीमा हात पुसत शांतपणे म्हणाली, “मॅडम, बिघाड शोधायला सांगितला व्हता. मानूस शोधायला न्हाई.”

मॅडम म्हणाल्या, सगळं खरं, पण सात मिनिटं जास्त झालीत, नियमाला मी काय करू. आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. सव्वीस वर्षांचा माझा दिमाख एकीकडे आणि ही बाई एकीकडे. फार विचार करावा लागला नाही.

“मानूस मी हाय,” मी म्हणालो. “मी एक बिघाड मुद्दाम केला, दुसरा येडेपनानं. दुसरा मलाबी घावला नसता. तिनं दोन काढले. दोन बिघाडांना येक तास धरा.”

मॅडमनी आधी पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्या खो खो हसत सुटल्या. सगळं खातं हसलं. मीही हसलो, दुसरं करणार काय. त्याच हसण्यात त्यांनी सीमाच्या फॉर्मवर ‘उत्तीर्ण’ लिहिलं आणि शिफ्टचं रजिस्टर पुढे ओढलं.

त्यात प्रत्येक प्रेसपुढे ऑपरेटरची सही लागते. हेल्परची चालत नाही, फिटरची चालते, म्हणून अकरा वर्षं सीमाच्या कामापुढे मी सही ठोकत आलो होतो, रोज, काही एक न वाटता. आज पहिल्यांदा वाटलं. लाज वाटली, आणि तिच्यासाठी आनंद इतका झाला की लाज मागे पडली. मी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं. तिने मान हलवली, डब्याच्या पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं निळं पेन काढलं आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं, सीमा वामन रणपिसे. नाव रकान्याबाहेर गेलं.

नवं घेतलं का पेन, मी विचारलं.

“न्हाई आप्पा,” ती म्हणाली. “कामाला लागले तवाच घेतलं व्हतं. वाळू नये म्हनून दर वर्साला रिफील बदलते.”