मुक्कामी नागरिक

जो देश पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नाही, त्या देशाची इतकी काळजी वाहिलेला माणूस आमच्या आतोबांखेरीज दुसरा झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. उभी हयात एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर म्हणून काढली, निवृत्त झाल्यावर नाशिकला द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, आणि चारचौघं या वयात देवळाच्या पारावर जाऊन बसतात तसे ते मोबाइलमधल्या एका सरकारात जाऊन बसले. हे सरकार कॉलेजातल्या पोरापोरींनी हौसेने चालवलेलं, खोटं. खोटं म्हणजे फसवणुकीचं नव्हे, भातुकलीचं. त्यात संसद होती, विरोधी पक्ष होता, न्यायालयसुद्धा होतं. नव्हती ती फक्त जमीन. देशाचं नाव गोदाराष्ट्र. कोल्हापूरला फार्मसी शिकणारी एक मुलगी त्याची पंतप्रधान होती, आणि नागरिकत्व समितीचे अध्यक्ष होते आमचे आतोबा.

आतोबा निवृत्त झाले, पण त्यांच्यातला कंडक्टर काही झाला नाही. उभ्याने बोलत असले की त्यांचा एक हात वर जाऊन काहीतरी धरणारच. कधी दाराची चौकट, कधी कपडे वाळत घालायची दोरी, आणि काहीच नसलं तर नुसती हवा. लग्नाच्या पंगतीत त्यांचा आवाज घुमायचा, "पुढं सरका, पुढं लय जागा हाय!" आणि माणसं खरोखर पानं उचलून सरकायची. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते दारातच विचारत, "मुक्कामी का परतीची?" खेड्यात दिवस काढलेल्याला हे सांगायला नको. संध्याकाळची शेवटची गाडी कधी माणसं उतरवून माघारी जाते, कधी रात्रभर गावातच थांबते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघते. थांबणारी ती मुक्कामी. पाहुणा "परतीची" म्हणाला तर आतोबा चहा देत. "मुक्कामी" म्हणाला तर भाकरी आणि स्वतःची गादी. "अजून ठरलं नाही" म्हणणाऱ्याला मात्र ते बराच वेळ उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवत, कारण पाटी नसलेल्या गाडीचा त्यांना भरवसा वाटत नसे.

पण सगळ्यांत अवघड सवय त्यांच्या तळहाताची. गाडीत घंटीची दोरी एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. घरी आता घंटीची दोरी नव्हती, म्हणून दारातून कुठलीही गाडी निघाली, मग ती रिक्षा असो, टेम्पो असो की पाहुण्यांची मोटार, आतोबा तिच्या पत्र्यावर दोन थापा मारत. त्याशिवाय ती निघणं त्यांना कायद्याला धरून वाटत नसे. माझ्या बहिणीच्या पाठवणीला आईचे डोळे पुसून व्हायचे होते, करवली राहिलेली पिशवी आणायला मंडपात गेली होती, आणि आतोबांनी नवरा-नवरीच्या मोटारीच्या टपावर दोन थापा हाणल्या. ड्रायव्हरने गाडी सोडली. करवलीला माझ्या स्कूटरवर घालून मी सिन्नर फाट्यापर्यंत त्या मोटारीच्या मागे धावलो. परत येऊन मी आतोबांवर चांगलाच चिडलो, तर ते शांतपणे म्हणाले, "रडारड चालूच राहती. कुनीतरी डबल दिल्याबिगर गाडी निघत नसती."  

गोदाराष्ट्रात ते शिरले तेही चुकून. द्वारकेच्या चौकात गाड्या कशाही घुसतात, त्या एकामागे एक कशा सोडाव्यात याची एक योजना त्यांच्या डोक्यात होती आणि ती सरकारला कळवायची होती. मोबाइलवर शोधताना त्यांना "सरकार" आणि "नागरिकांनी येथे बोलावे" असं लिहिलेलं एक दार सापडलं. त्यांनी तिथे लांबलचक तक्रार लिहिली, आणि चहा निवायच्या आत गृहमंत्र्यांचं उत्तर आलं, की बाब गंभीर आहे, उद्याच सभागृहात घेतो. आतोबा थक्क झाले. सरकारने उत्तर दिलं होतं, तेही मराठीत, तेही त्याच दिवशी! मी जीव तोडून समजावलं, की अहो, हा खेळ आहे, हे गृहमंत्री संध्याकाळी मेसचा डबा आणायला जातात. आतोबा म्हणाले, "असंल. पन वागनं खऱ्यासारखं हाय."

दुसऱ्या दिवशी सभागृहात द्वारकेवर घनघोर चर्चा झाली. द्वारका जागची हलली नाही, पण विरोधी पक्षाने एक मुद्दा काढला, की तक्रारदार नागरिकच नाहीत, ते नुसते पाहुणे आहेत आणि पाहुण्याला तक्रारीचा हक्क नाही. झालं! आतोबांच्या वर्मावर घाव बसला. "मी रोज येतो, बसतो, समद्यांची इचारपूस करतो, आन मी पावना?" असं म्हणून त्यांनी सभागृहालाच सवाल टाकला, की मग नागरिक कोण, रहिवासी कोण आणि पाहुणा कोण, हे एकदा ठरवा. पोरांनी कुठून कुठून परदेशी व्याख्या आणल्या. आतोबांची व्याख्या साधी होती. जो काम झालं की जातो तो परतीचा, म्हणजे पाहुणा. त्याला चहापाणी आणि मान. जो थांबतो तो मुक्कामी, म्हणजे रहिवासी. त्याला बोलायचा हक्क. आणि दुसऱ्यासाठी जागा करतो तो गावातला, म्हणजे नागरिक, त्याला मत. पंतप्रधान बाईंना ही वर्गवारी इतकी आवडली की त्यांनी ती जशीच्या तशी मंजूर करून घेतली आणि वर आतोबांना नागरिकत्व समितीचं अध्यक्ष केलं.

त्यानंतर घरात राहणं अवघड झालं. आतोबा प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या वर्गात बसवू लागले. दूधवाला परतीचा. खिडकीतलं मांजर मुक्कामी. आत्याच्या बाबतीत त्यांनी जरा जास्तच धाडस केलं आणि सोफ्यावर पाय पसरून बसली म्हणून तिला जागा न करणारी, सबब नुसती रहिवासी ठरवलं. आत्या सायखेड्याची, ती कुठे ऐकून घेते! "मी रहिवासी, व्हय? मंग आज सैपाक तुमच्या पंतप्रधानाला सांगा," म्हणाली आणि टीव्ही लावून बसली. दुपार टळेपर्यंत आतोबांनी खास अध्यक्षीय अधिकारात तिला आजन्म नागरिकत्व बहाल केलं, तेव्हा कुठे पिठाचा डबा उघडला.

खरं तर आतोबांना मुक्कामाचं एवढं वेड का, हे आमच्या घराइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते तरुणपणी सायखेड्याच्या मुक्कामी गाडीवर होते. दिवेलागणीला गाडी गावात यायची, ड्रायव्हर आणि कंडक्टर गाडीतच आडवे व्हायचे, आणि त्यांची भाकरी आमच्या घरून जायची. मी लहान होतो. गाडीचा आवाज आला की आजी आत्याला सांगायची, "गाडी आली, तांब्या भर." गावात त्या गाडीला सगळे "आपली गाडी" म्हणत. आत्या तांब्या भरता भरताच आतोबांच्या प्रेमात पडली असावी. ती हे कबूल करत नाही, पण तांब्याचा विषय निघाला की अजून लाजते. ती संध्याकाळ, तो धुरळा, टपावरून उतरणाऱ्या भाजीच्या पाट्या आणि खिडकीतून हात बाहेर काढून आम्हा पोरांना जुन्या तिकिटांची थोटकं वाटणारे आतोबा आठवले की आजही मला सगळी कामं टाकून सायखेड्याला जावंसं वाटतं.

त्यांचा मुलगा प्रशांत कॅनडात असतो. एकुलता एक. एका रविवारी त्याचा फोन आला, की तिथलं नागरिकत्व मिळतंय, शपथविधी ठरलाय, आणि आपल्या देशात दोन्हीकडचं नागरिकत्व चालत नसल्यामुळे इथलं सोडावं लागणार आहे. आत्या रडली. आतोबा एवढंच म्हणाले, "बरं. कागदं नीट जपून ठेव." आणि फोन तिच्या हातात देऊन गॅलरीत जाऊन कपड्यांची दोरी धरून उभे राहिले. त्यानंतर त्यांनी त्या विषयावर घरात चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याने पचवलं.

आणि नेमकं त्याच सुमाराला गोदाराष्ट्रात एक विधेयक आलं. मोबाइलवर अशी खोटी राष्ट्रं पुष्कळ, आणि काही पोरं एकाच वेळी दोन-तीन राष्ट्रांत नांदत. तेव्हा जो दुसऱ्या राष्ट्राचा नागरिक होईल त्याला गोदाराष्ट्रातून काढून टाकावं, त्याने पुन्हा यायचं तर परवानगी मागून पाहुणा म्हणून यावं, असं ते विधेयक. त्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो तर आतोबा मोबाइल तोंडापाशी धरून भाषण करत होते. त्यांना भराभर टाइप करता येत नसे, म्हणून ते बोलूनच पाठवत. एक हात वर, चौकटीला धरलेला.

"अध्यक्ष महोदय," ते म्हणत होते, "मी सायखेड्याला मुक्कामी व्हतो. गाडीचा नंबर दुसरीकडचा, डेपो दुसरीकडचा, आमी दोघं दुसरीकडचे. एका वर्साला गोदेला पूर आला. पानी पार बाजारात आलं. तवा गावानं आपल्या बैलगाड्या तशाच सोडल्या, आन आधी आमची गाडी दोर लावून वर चढवली. मी म्हनलो, आवो, ही सरकारची गाडी, तुमचं सामान बगा. तर म्हनले, गप बसा मास्तर, आपली गाडी हाय. कुनी तिचा नंबर वाचला नाय, महोदय. दुसऱ्या गावची पाटी लागली म्हनून गाडी परकी व्हती का? सांगा की! पोरगं पोटासाठी लांबच्या रूटला गेलं, तिथं त्याला पाटी लावावी लागली, म्हनून घरी यायला त्यानं परवानगी मागायची?"

सभागृहाला हे "पोरगं" कोणाचं ते कळायचं काहीच कारण नव्हतं. मला कळलं. आत्यालाही कळलं, ती स्वयंपाकघरात पोळी तव्यावर ठेवून तशीच उभी राहिली आणि पोळी करपली. मला फार वाईट वाटलं. ज्या सरकारला सांगायचं त्याच्यापर्यंत आवाज पोचत नाही, आणि मुलाला सांगावं तर त्याचा पाय अडकेल, म्हणून हा माणूस पोरासोरांच्या भातुकलीत आपला खटला लढवत होता.

मतदान झालं आणि आतोबा हरले. विधेयक मंजूर झालं. पण पंतप्रधान बाई जाणत्या होत्या. मंजूर करतानाच त्यांनी त्याला एक दुरुस्ती जोडली. दुसरीकडे गेलेल्याला मत राहणार नाही, निवडणूक लढवता येणार नाही, पण तो पाहुणा ठरणार नाही. तो कधीही येईल, राहील, बोलेल, त्याचा मुक्काम कायम. "काका, चालेल ना?" असं त्यांनी खाली विचारलं होतं. आतोबांनी ते दोनदा वाचलं. मग मला म्हणाले, "अर्धं तिकीट दिलं पोरीनं. बसू दे."

पुढे पोरं शिकून नोकऱ्यांना लागली आणि गोदाराष्ट्र ओस पडत गेलं. संसद भरेना. आतोबा मात्र दिवेलागणीला मोबाइल उघडून, कोणी मुक्कामाला आलंय का, हे बघायचे. पंतप्रधान बाई सणासुदीला डोकावून "काका, जेवलात का?" विचारून जात. आणि मग गेल्या दिवाळीत प्रशांत आला. नवा पासपोर्ट, त्यावर आपल्याच देशात यायची परवानगी. आतोबा सकाळपासून दाराशी होते. पोरगा जिना चढून वर आला आणि समोर उभा राहिला. ज्याने आल्यागेल्याला मुक्कामी का परतीची म्हणून विचारलं, त्याला स्वतःच्या मुलाला ते विचारायचा धीर होईना. शेवटी प्रशांतच खाली वाकून पाया पडला आणि म्हणाला, "मुक्कामी, अण्णा." आत्या तांब्या घेऊन पुढे आली.

तो होता तेवढे दिवस त्या फ्लॅटमध्ये सायखेड्याची संध्याकाळ होती. आतोबांनी त्याला द्वारकेचा चौक दाखवून आपली योजना समजावून सांगितली, आणि तो बिचारा ऐकत राहिला. मग जायचा दिवस उजाडला. खाली टॅक्सी आली, सामान चढलं, प्रशांत आत बसला. गल्लीतले सगळे जमले होते. आतोबा पुढे झाले आणि सवयीने त्यांनी टपावर थाप मारली. एक. हात पुन्हा वर गेला आणि तिथेच राहिला. ड्रायव्हर नाशिकचाच होता, मुरलेला. एक थाप म्हणजे काय ते त्याला कळत होतं. तो गाडी बंद करून मुकाट्याने थांबला.  प्रशांत काचेतून बापाच्या हाताकडे बघत होता.

मग आत्या माझ्या शेजारून पुढे गेली. तिने पदराने डोळे पुसले, दुसऱ्या हाताने आतोबांचं मनगट धरून हलकेच खाली घेतलं, आणि टपावर दुसरी थाप तिने मारली.

गाडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली तरी आतोबा रस्त्यातच उभे होते. एक हात वर, हवेला धरलेला. "आपली गाडी हाय," ते आत्याला म्हणाले, "यील." आत्या म्हणाली, "चला वर, चहा टाकते," आणि आम्ही तिघं जिना चढलो.