गोकुळदास पायलटाचे रेडियल टायर

टायर आणायला गोकुळदास स्वतः म्हापशाला गेला नाही, पुतण्याला पाठवलं, आणि तिथून सगळं बिघडत गेलं. खरं तर बिघडलं होतं त्याच्याही आधी. पण ते कबूल करील तर तो गोकुळदास कसला.

गोकुळदास पायलट आहे. विमानाचा नव्हे. मोपाच्या सड्यावर, त्या उघड्या पठारावर, विमानतळ झाल्यापासून हा खुलासा करावा लागतो, आणि तो करताना गोकुळदासाच्या कपाळाला आठ्या पडतात. गोव्यात मोटारसायकलच्या मागच्या सीटवर भाड्याचं माणूस बसवून नेतो तोही पायलटच, आणि पुढचं पिवळं मडगार्ड ही त्याच्या गाडीची खूण. पेडण्याच्या बसस्टँडवर गोकुळदासाचं उभं आयुष्य ह्यातच गेलं. अर्धं पेडणं कधी ना कधी त्याच्या मागे बसलेलं आहे: बाळंतपणाला माहेरी निघालेल्या पोरी, कोर्टाच्या तारखेला निघालेले सख्खे भाऊ, एकदा तर काजूबियांचं पोतं मांडीवर घेऊन बसलेला भटजी. गाडी जुनी, शंभर सीसीची, स्वस्तातली, पण कधी रस्त्यात बंद पडली नाही. गोकुळदासाची जीभही कधी बंद पडली नाही. गाडी चालू झाली की तो बोलायला लागतो, आणि मागचा माणूस ऐकतोय की झोपलाय, ह्याची त्याला फिकीर नसते.

असं सगळं गाव त्याच्या मागे बसत होतं. बसत नव्हती ती एकटी त्याची बायको, पद्मावती.

गेल्या वर्षी चतुर्थीच्या तोंडावर मोपाच्या सड्यावरून येताना ती गाडीवरून पडली. ट्रकांनी रस्त्याला चर पाडले होते. गाडीने उसळी खाल्ली आणि पद्मावती मांडीवरच्या अळवाच्या भाऱ्यासकट कडेच्या गवतात जाऊन बसली. फारसं लागलं नाही, कोपर खरचटलं. गोकुळदास मात्र थांबला नाही, कारण त्याला कळलंच नाही. शेजाऱ्याच्या माडाची झावळी कोणाच्या कौलांवर पडली आणि त्यावरून काय रामायण झालं, ते तो रंगात येऊन सांगत होता, आणि सांगत सांगत सड्याच्या पार उतारापर्यंत गेला. समोरून नारायण आला, तोही स्टँडवरचाच पायलट. गाडी आडवी घालून त्याने विचारलं, "गोकुळदास, वैनी खंय?"

"ही काय फाटी," असं म्हणत गोकुळदासाने मान वळवली.

पुढचं सांगायला नको. नारायणाच्या पोटात तीळ भिजत नाही. संध्याकाळच्या आत सगळ्या स्टँडला ही गजाल ठाऊक झाली. पद्मावती भांडली नाही, अबोला धरला नाही. जेवण वाढलं, सोलकढी वाढली, कोपराला हळद लावून घेतली. फक्त दुसऱ्या दिवसापासून ती बसने जाऊ लागली. बाजाराला बस, डॉक्टरकडे बस, डिचोलीला माहेरी जायचं तरी बस. नवरा स्टँडवर पिवळं मडगार्ड घेऊन उभा, आणि ही त्याच्या समोरून छत्री सांभाळत बसमध्ये चढणार. "तुजा एक गिऱ्हाईक गेला रे," असं नारायण रोज न चुकता म्हणायचा.

लोकांचं हसणं गोकुळदासाने पचवलं असतं. पण तिला सोडून गाडी चालवण्यात त्याला गोडी राहिली नव्हती. दिवसभर परक्यांना गोष्टी सांगून झाल्यावर खरी मजा तिला सांगण्यात असायची. त्याला ती मागे हवी होती, एवढंच. हे तिला जाऊन सांगायचं सोडून गड्याने सगळा दोष टायरांवर टाकला.

"टायर गुळगुळीत झाल्लो. घसरलो," असं तो भेटेल त्याला सांगू लागला. कोणी विचारलं नाही तरी सांगू लागला. त्याचा पुतण्या साईश तुयेच्या कारखान्यात कामाला, आणि त्याच्याकडे मोठी धिप्पाड मोटारसायकल. तो सहज बोलून गेला, "काका, रेडियल घाल. रस्त्याक चिकटून रवता." झालं. रेडियल हा शब्द गोकुळदासाच्या डोक्यात जो शिरला तो बाहेर निघायला तयार होईना.

कुठल्याही शहाण्या माणसाने आधी दुकानात जाऊन विचारलं असतं, की बाबा, माझ्या गाडीला हे बसतं का? गोकुळदास देवळात गेला. आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, भावाभावांची वाटणी असो, सातेरीदेवीसमोर उभं राहून कौल घेतल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. गुरव पाषाणाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. त्या गुरवाने आजवर देवीला नाही नाही ते विचारलं होतं, पण टायर पहिल्यांदाच.

"गाडयेक रेडियल टायर घालू काय, इतक्याच इचार," गोकुळदास म्हणाला.

गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पडली. आता देवीने होय म्हटल्यावर दुकानदाराला माप विचारणं म्हणजे देवीवर अविश्वास. गोकुळदासाने मोठ्या खुशीत साईशला म्हापशाला पिटाळलं, आणि साईशने स्वतःच्या गाडीला आहेत तसलेच दोन टायर आणून दिले.

ते घेऊन गोकुळदास जयवंताकडे गेला. जयवंत बेळगावकडचा, हमरस्त्याला त्याचं टायरचं दुकान आहे. माणूस भला, पण त्याला नाही म्हणता येत नाही, आणि ह्या एका गुणापायी त्याने कित्येकांचं वाटोळं केलं आहे. त्याने टायर उभा केला, चाकाशेजारी धरला, टेप लावली.

"काका, तुमचं चाक अठराचं, ह्यो टायर सतराचा. आन रुंदीला दुप्पट."

"मगे बसूचो नाय?"

"बसतंय की. चाकच बदलू या."

"पण फायदो होतलो मां?"

जयवंताने डोकं खाजवलं. "ह्या गाडीला त्याचा उपेग काय न्हाई बघा. पर बसतंय."

"देवीन उजवो कौल दिल्लो आसा," गोकुळदास म्हणाला. जयवंताने तिथूनच देवीला हात जोडले आणि पाना उचलला.

मग जे सुरू झालं त्याला अंत नव्हता. टायरासाठी रिम बदलल्या. रिमसाठी तारा नव्या ओवल्या. मागचा टायर बसवला तर तो चेनला घासू लागला, म्हणून चेनचं कव्हर काढलं. तरी घासतोच, म्हणून वायसर घालून चाक एका अंगाला सरकवलं, तर गाडी कुर्लीसारखी तिरकी चालायला लागली. मग ते परत काढलं, आणि मागच्या दांड्याच आतून कानशीने घासल्या. प्रत्येक वेळी गोकुळदास वैतागून विचारायचा, "आता झाला?" आणि प्रत्येक वेळी जयवंत म्हणायचा, "झालंच की." शेवटी पुढचा टायर मडगार्डखाली मावेना. जयवंताने शांतपणे पिवळं मडगार्ड सोडवलं आणि दुकानातल्या खिळ्याला टांगून ठेवलं.

गाडी बाहेर आली तेव्हा पोराने बापाचे बूट घातल्यासारखी दिसत होती. रस्त्याला चिकटत होती, हे खरं. इतकी चिकटत होती, की चढावर इंजिनाला धाप लागायची. आणि मडगार्ड नाही म्हटल्यावर गोकुळदास पायलट आहे हेच कोणाला कळेना. वर्षानुवर्षं त्याच्या मागे बसणारी सुमंगलाबाय सरळ त्याच्या समोरून गेली, नारायणाच्या मागे बसली, आणि बसल्या जागेवरून म्हणाली, "गोकुळदासा, धंदो सोडलंस काय रे?" त्या दिवशी तो घरी येऊन कोणाशी बोलला नाही. गोकुळदास बोलला नाही म्हणजे किती झालं असेल ते समजा.

पण हे सगळं ज्याच्यासाठी केलं ते तर व्हायला हवं होतं. त्याने गाडी धुतली, पुसली, अंगणात उभी केली आणि पद्मावतीला हाक मारली.

"बस आता. रेडियल आसा."

पद्मावतीने वाकून पिकल्या नीरफणसाला दाबावं तसा टायर अंगठ्याने दाबून बघितला. "बरो आसा," म्हणाली, आणि पिशवी घेऊन बसच्या वाटेला लागली.

गोकुळदासाचा राग आता देवीवर गेला. कौल उजवा दिला, तर गुण का येत नाही? डिचोलीला पद्मावतीच्या भाचीचा, सिद्धीचा साखरपुडा होता. त्या सकाळी दोघांनाही निघायचं होतं, तर हा गाडीची चावी बोटात फिरवत आधी देवळात शिरला. पद्मावती बसच्या वाटेवर देवीला नमस्कार करायला तिथेच आलेली.

"आता काय?" गुरवाने विचारलं. त्याचाही सूर वैतागलेलाच होता.

"इचार, ही माज्या फाटी बसतली काय नाय."

गुरवाने पाकळ्या भिजवल्या होत्या. त्या हातात धरून त्याने पद्मावतीकडे पाहिलं, मग गोकुळदासाकडे.

"तू हिका इचारलंस?"

"हिका काय इचारूचा?"

"मगे देवीक कित्याक इचारू? देवी थोडीच बसतली तुज्या फाटी." आणि त्याने पाकळ्या परत ताटात ठेवल्या.

गोकुळदासाने पुतण्याला विचारलं, जयवंताला विचारलं, स्टँडला विचारलं, देवीला विचारलं. घरात रोज समोर बसून जेवणाऱ्या बायकोला वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारलं, तेही वैतागूनच, भांडण काढावं तसं. "कित्याक बसणस नाय गो?"

पद्मावतीने जोडलेले हात सोडले.

"पडलंय तेचा काय नाय," ती म्हणाली. "माणूस पडता. मी साद घातलंय तुमका. परत घातलंय. तुमी आपली गजाल सांगत गेलास. गवतात बसान मी बघी होतंय, आता फाटी बघतले, आता बघतले. नारायणान इचारूक नसता तर तुमका घरा पावल्यार कळला असता. टायर बरो आसा हो. पण फाटी मी आसंय काय नाय, ता टायर कसो सांगतलो?"

आवाज चढला नव्हता. म्हणूनच गोकुळदासाला तो झोंबला. आपल्याला ती मागे हवी होती, आणि मागे होती तेव्हा आपण बघितलंच नाही, हे त्याला इतक्या उशिरा कळलं. गुरव उगाचच समईची वात सारखी करत बसला.

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. पद्मावती चपला घालून निघाली. गोकुळदास गाडीपाशी गेला, चावी घातली, परत काढली. मग गाडी तिथेच देवळाच्या आवारात सोडून तो बसमागे धावला.

"पायलट, गाडी बिघडली काय?" कंडक्टरने विचारलं. बसमधली निम्मी माणसं कधी ना कधी त्याच्या मागे बसलेली. सगळ्यांनी वळून पाहिलं. गोकुळदास आत सरकला. पद्मावती पुढे खिडकीशी बसली होती, आणि तिच्या शेजारी एक नुस्तेकारीण मासळीची टोपली घेऊन ऐसपैस बसली होती. त्याला मागच्या बाकावर जागा मिळाली. तिथून त्याला तिच्या अंबाड्यातली अबोली तेवढी दिसत होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

धारगळच्या तिठ्यावर बस थांबली. मागच्या दाराने बरेच लोक उतरले, धक्काबुक्की झाली, आणि बस सुटली. तेव्हा पद्मावतीने मान वळवली, मागच्या बाकापर्यंत नजर टाकली, तो आहे हे पाहून घेतलं, आणि पुन्हा पुढे बघू लागली.