वामनची दोन वाक्यं

कोपरा फाडलेलं कार्ड मी शिकवतो त्या शाळेत आलं. तेल्हाऱ्याच्या कचेरीतला कारकून, माझा मित्र वामन इंगळे गेला... महिना झाला, पण मला अजून मोकळेपणानं रडता आलेलं नाही. दहा वर्षं मी या माणसाचा हेवा केला.

दहा वर्षांपूर्वी तो अकोल्यात नोकरीला होता आणि आमच्या हौशी नाटक मंडळीत पडद्यामागून प्रॉम्प्टिंग करायचा. बाळापूरचा किल्ला पाहून मी एक ऐतिहासिक नाटक लिहिलं होतं. वेढ्यात दरवाजा राखताना एक पहारेकरी मरतो आणि किल्लेदार त्याच्या आईला ती बातमी सांगतो, असा प्रवेश होता. त्यावर आईचं दोन पानी भाषण मी घातलं होतं, ‘धन्य मी वीरमाता’ वगैरे. तालमीत वामन म्हणाला, “मास्तर, पोरगं मेल्यावर मायले भाषण सुचते काय?” मी चिडून म्हणालो, “मग तूच लिही!” त्यानं तिथंच पेन्सिलीनं लिहिलं. आई विचारते, “दार लावलं होतं ना त्यानं?” किल्लेदार मान हलवतो. “मंग आता उघडा, मले त्याले घरी न्याचं हाय.”

अमरावतीच्या स्पर्धेतल्या प्रयोगात या दोन वाक्यांवर पुढच्या रांगेतला एक पागोटेवाला म्हातारा हुंदके देऊ लागला. लेखनाचं बक्षीस मी घेतलं. विंगेत उभा राहून वामन टाळ्या वाजवत होता. त्याचं नाव मी घेतलं नाही...

पुढं त्यानं स्वतःचं नाटक लिहून मला वाचायला दिलं. मी ते तीनदा वाचलं आणि चार महिन्यांनी परत केलं. म्हणालो, “भाषा अशुद्ध आहे. रंगभूमीवर चालायची नाही.” तो एवढंच बोलला, “तुमी म्हनता तं बराबर असंन.” त्यानंतर त्यानं नाटक लिहिलं नाही. मग त्याची बदली झाली.

परवा तेल्हाऱ्याला भेटायला गेलो. मान खाली घालून त्याच्या बायकोला, शांतावहिनींना, सगळं सांगितलं. त्या भिंतीवरच्या तारेला टोचलेल्या कागदांकडे बोट दाखवून म्हणाल्या, “वाचा भाऊजी, मले कुठी वाचता येते?” कचेरीच्या रद्दी कागदांमागं त्यानं लोकांची बोलणी टिपून ठेवली होती, बाजारातली, एसटीतली. एक मी मोठ्यानं वाचलं, “पान्याले जाते म्हनलं, पन तुमी बोलून राहिले तं पाय निंगत नाही.”

वहिनींनी पदर तोंडाशी नेला. “हे तं मी म्हनलं होतं... लग्नाच्या साली.”

त्यानं ऐकलं तसं जीव लावून मी कुणाचंच बोलणं कधी ऐकलं नव्हतं. दुखवट्याला बसलो होतो, तरी खरं सांगतो... मला पुन्हा हेवाच वाटला.