टेपमधली घूं

मोटरी बांधणाऱ्या माणसाला आवाजाचं वावडं असून चालत नाही. वाइंडरला तर ते कधीच नव्हतं. मोटरीतली जळून काळी पडलेली तार काढायची, नवी गुंडाळायची, वर वॉर्निश चढवायचं आणि बटण दाबून कान द्यायचा, यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. मोटर घूं करत फिरली की काम फत्ते. त्यामुळे लेकीनं फोनवर तक्रार केली, की बाबा, टेपमध्ये आईपेक्षा घूंच जास्त ऐकू येते, तेव्हा आधी त्याला तिचं म्हणणंच कळेना. घूं येते म्हणजे यंत्र चालू आहे. मग बिघडलं कुठे?

लेक नवऱ्याबरोबर लांब परदेशात होती. दोनदा दिवस राहून मूल हाती लागलं नव्हतं, म्हणून या खेपेला डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायचीच बंदी केली होती. छताकडे बघून बघून तिला वेड लागायची पाळी आली. फोन यायचा तो रविवारी, समोरच्या रेडिओवाल्याच्या दुकानात, आणि दोन वाक्यं होतात न होतात तोच लाइन कटायची. तिनं आईकडे एकच मागणं मागितलं. काहीही बोल, माझ्या लहानपणच्या खोड्या सांग, नाहीतर शेजारणींची भांडणं सांग, पण टेप करून पाठव. तुझा आवाज कानावर पडला की मला झोप लागते.

घरातल्या टेपरेकॉर्डरचा माइक केव्हाच मुका झाला होता. दुसरा विकत आणावा, तर मग वाइंडर कसला? त्यानं बाह्या सरसावल्या. भंगारातून एक माइक आणला, त्याचा आवाज वाढवायला अँप्लिफायर जुळवला, त्याला वीज पुरवायला स्वतःच्या हातानं ट्रान्सफॉर्मर गुंडाळला आणि सगळा संसार एका लाकडी खोक्यात बसवला. बायकोनं ते खोकं बघून विचारलं, की यात आवाज पकडायचा आहे की उंदीर.

आवाज पकडला गेला, पण त्याच्यासोबत घूंही. रेडिओवाल्यानं टेप ऐकली आणि दोष ट्रान्सफॉर्मरचा आहे, असं सांगून टाकलं. वाइंडरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गावभरच्या मोटरी ज्याच्या हातावर फिरतात, त्याचा ट्रान्सफॉर्मर वाईट? त्यानं वीज गाळून घेणारे मोठे कंडेन्सर लावले. माइकच्या तारेला जाळीदार आवरण चढवलं. सगळ्या अर्थिंगच्या तारा एका स्क्रूखाली आणल्या. शेवटी ट्रान्सफॉर्मर काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोंडला आणि डबा खोक्यापासून हातभर लांब ठेवला. घूं कमी झाली, पण हटली नाही. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली आणि हा आपला डब्याला कान लावून बसलेला.

बायको म्हणायची, "असू द्या हो ती. तिनं काय घोडं मारलंय तुमचं?"

तिला आपल्या कामाची किंमत नाही, असं समजून तो आणखी हट्टाला पेटायचा.

अँप्लिफायर टॉर्चच्या सेलवर चालवून बघ, म्हणजे कळेल कोण खरं, हे रेडिओवाल्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते ऐकायला वाइंडरला दीड महिना लागला. एका दुपारी त्यानं चोरून सेल आणले, ओळीनं जोडले, हेडफोन कानाला लावला आणि बटण दाबलं. आत काहीच नव्हतं. खोलीतलं घड्याळ तेवढं टिकटिकत होतं.

पोरासारखा खूश होऊन त्यानं बायकोला माइकसमोर बसवलं आणि टेप चालू करून दिली. आपल्याला घसा खाकरायची खोड आहे, म्हणून नेहमीसारखा तो घराबाहेर पडला आणि थेट समोरच्या दुकानात गेला. "गेली बाबा," एवढंच म्हणाला. रेडिओवाल्यानं मोठ्या मनानं चहा मागवला आणि तो संपेपर्यंत त्याची यथेच्छ चेष्टा केली.

परत आला तेव्हा टेप संपून आपोआप बंद पडली होती आणि बायको उशांना टेकून झोपली होती. टेप बंद करायचं बटण तिनं कधी शिकूनच घेतलं नव्हतं. त्यानं टेप सुरुवातीला आणली आणि हेडफोन लावून ऐकायला बसला. लेकीनं चौथ्या वर्षी कात्रीनं बापाच्या नव्या शर्टाच्या बाह्या कापल्या आणि बाहुलीला पायजमा केला, ती गोष्ट होती. आवाज असा स्वच्छ, की बाई शेजारी बसून बोलते आहे. वाइंडर एकटाच हसला.

मग ती थांबली. आधीच्या सगळ्या टेपांतही ती अशी मधेमधे थांबायची आणि तिथे नुसती घूं भरलेली असायची. काय सांगायचं ते आठवत असेल, असं त्याला वाटायचं. आता तिथे घूं नव्हती.

बेअरिंग कोरडं पडलं की मोटर फिरते, पण दर फेऱ्याला आत काहीतरी खरवडत जातं. तसा आवाज तिच्या छातीतून येत होता. ती हवा ओढायची, पुरायची नाही, पुन्हा ओढायची, आणि मग काही झालंच नाही अशा हसऱ्या सुरात पुढचं वाक्य. गोष्ट संपल्यावर लेकीला "झोप आता" म्हणाली, आणि त्यापुढे टेपभर फक्त तेच होतं. पाण्याचा पेला दातांवर वाजला. एकदा अगदी हळू "आई गं" म्हणाली. घरात पंखा, बाहेर रस्ता, कानात जन्मभराच्या मोटरी, यांत त्याला हे कधी ऐकूच आलं नव्हतं. जिना चढताना ती थांबायची, तर वय झालं, असं दोघंही म्हणून मोकळी व्हायची.

ती जागी झाली तेव्हा हेडफोन त्याच्या गळ्यात होता. चेहरा बघूनच तिला कळलं.

"ऐकलंत?"

"मला का नाही सांगितलंस?"

सांगून काय होणार होतं, असं ती म्हणाली. शेजारणीला घेऊन मोठ्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. फुफ्फुसं आतून कडक होत चालली होती. औषधानं त्रास कमी होईल, आजार मागे फिरणार नाही. दुसऱ्याचं दुखणं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. डॉक्टरनं विचारलेला एक प्रश्न मात्र तिनं नंतर, तोंड फिरवून सांगितला. तुम्ही कधी धुरात काम केलंय का?

दुकानामागच्या खोपटात वर्षानुवर्षं तीच बसायची. जळक्या मोटरींची वेटोळी पेटवून, जुनं वॉर्निश जाळून त्यातलं तांबं सोडवायची. तिथे धूर ओढणारा पंखा बसवू, असं तो दरवर्षी म्हणायचा आणि दरवर्षी ते राहून जायचं. जगाच्या पंख्यांच्या मोटरी त्यानं बांधून दिल्या होत्या. त्याला स्वतःची किळस आली.

"ही टेप पाठवायची नाही," ती म्हणाली.

"तिला कळायला हवं. उद्या ती मला काय म्हणेल?"

"सातवा चालू आहे तिला. हे कळलं तर पडून राहील का ती? उठेल आणि निघेल. मग हेही जाईल तिचं." बोलता बोलता तिला थांबावं लागलं, आणि आता त्याला ते थांबणं ऐकू आलं. "बाळ हातात येऊ दे, मग मीच सांगेन. तोवर तुमची ती घूं परत घाला."

"आणि सांगायला तू नसलीस तर?"

"तर तुम्ही सांगा. पण बाळ झाल्यावर."

संध्याकाळी त्यानं खोकं उघडलं. सेल काढले. ट्रान्सफॉर्मर डब्यातून बाहेर घेतला आणि पुन्हा आत, माइकच्या तारेला खेटून बसवला. मोठे कंडेन्सर काढून छोटे लावले, तर घूं इतकी माजली की गोष्टच बुडाली. मग मधले लावले. बायकोला बोलायला लावायचं, ऐकायचं, ट्रान्सफॉर्मर बोटभर सरकवायचा, पुन्हा ऐकायचं. शब्द वर राहायला हवे होते आणि श्वास खाली जायला हवा होता. घूं घालवायलाही त्यानं इतकं बारीक काम केलं नव्हतं. जमल्यावर त्यानं ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू घट्ट आवळले. त्याच टेपवर बायकोनं कात्रीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आणि स्वच्छ आवाज त्याखाली पुसला गेला.

टेप पोचल्यावरच्या रविवारी लेकीचा फोन आला. बाहुलीच्या पायजम्यावर ती पोट धरून हसली होती, पोटातलं पोरही लाथा मारत होतं म्हणे. आई का आली नाही फोनवर? आई कामात आहे, असं वाइंडरनं सांगितलं.

"पण बाबा, घूं गेली नाहीच की. उलट वाढलीये. एवढ्या मोटरी बांधता, आणि हे जमेना तुम्हाला?"

"नाही जमलं गं."

"जाऊ दे, आता सवय झालीये मला. झोप लागते त्यातही."

लाइन कटली. त्यानं फोन जागेवर ठेवला, तरी हात त्यावरच राहिला. रेडिओवाल्यानं हातातलं काम बाजूला सारलं.

"सेलवर गेली होती ना रे?"

"गेली होती," वाइंडर म्हणाला आणि बायको घरी एकटी होती म्हणून घाईनं रस्ता ओलांडून गेला.