बिनदोऱ्याची मशीन

आमच्या धाकटीबद्दल लिहायला मी काही योग्य माणूस नाही. मी टायपिस्ट. चाळीस वर्षं कोर्टाबाहेर बसून दुसऱ्यांचे अर्ज टाइप केले, आणि अर्जात आपलं स्वतःचं एकही वाक्य नसतं. पण तिला जवळून पाहिलेलं आणि लिहू शकणारं माझ्याशिवाय कुणी नाही. म्हणून जमेल तसं लिहितो.

धाकटी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, पँटी आखूड करणं, चेन बदलणं, असली कामं. अरुंद गल्लीत तळमजल्यावर तिचं दुकान होतं. पुढे पायमशीन, मागे पडदा, पडद्यामागे एक खोली. त्या खोलीत रविवारी दुपारी आमची मंडळी जमायची, नऊ-दहा माणसं. येशूचं नाव उघडपणे घेण्याची आमच्याकडे सोय नाही. माझ्या भावानं ते घेतलं, दोन वर्षं आत काढली, आणि बाहेर आला तो खोकला घेऊनच. त्या खोकल्यानंच गेला. आम्हाला वाटलं, आता मंडळी मोडली. तेराव्या-चौदाव्या दिवशी धाकटीनं निरोप धाडला, "खोली होती तिथंच आहे. या."

पाळक आम्हाला नव्हताच. प्रार्थना चालवायचे ते एक म्हातारे गवंडी. त्यांचा सगळा जन्म चौथ्या मजल्यावरून खाली ओरडण्यात गेलेला, त्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा गल्लीच्या टोकाला जायची. म्हणून धाकटी पुढे मशीनवर बसायची. सुईतला दोरा काढून ठेवायची आणि दोन तास नुसते पाय मारायची. गाणं सुरू झालं की वेग वाढवायचा, मौन प्रार्थनेला कमी करायचा. बाहेरच्याला वाटावं, बाई कामात आहे.

गवंडीकाकांचा आवडता विषय युद्ध. "आपण लढाईत आहोत! शत्रू दाराशी आहे! ढाल खाली ठेवू नका!"

पडद्याच्या पलीकडून धाकटी म्हणायची, "काका, ढाल राहू द्या वर, आवाज तेवढा खाली ठेवा."

असं अकरा वर्षं चाललं. अकरा वर्षांत तिनं आमच्याबरोबर एकदाही डोळे मिटले नाहीत, एक ओळ गायली नाही. हे आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या तर नाहीच.

मग कंपाउंडरची पँट आली. हे गृहस्थ दुकानाच्या वर राहायचे. शनिवारी पँट आखूड करायला दिली, सोमवारी न्यायला आले, तर पँट तशीच.

"काय हो बाई, काल दुपारभर मशीन घरघरत होती. डोकं उठलं माझं. मग माझी पँट कुणी खाल्ली?"

धाकटी गोंधळली. "दुसरं काम होतं," म्हणाली. फळीवर दुसरं तयार काम एकही नव्हतं. कंपाउंडर हसले, आणि चहाच्या टपरीवर त्यांनी हा किस्सा रंगवून सांगितला, की आमच्याकडे एक मशीन आहे, ती दोन तास चालते आणि त्यातून काहीच बाहेर पडत नाही. चार जण हसले. पाचवा हसला नाही. गुरुवारी धाकटीला कचेरीतून बोलावणं आलं.

गवंडीकाका म्हणाले, "कंपाउंडरच्या रूपानं सैतानच आला!"

"नाही हो काका," धाकटी म्हणाली, "त्याला फक्त पँट हवी होती. चूक माझी. दोरा घालून चार टाके मारले असते तर काय बिघडलं असतं?"

कचेरीतले साहेब आरडाओरडा करणारे नव्हते. त्यांनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. "बाई, तुमच्याकडे कोण कोण येतं त्यांची नावं लिहा आणि घरी जा. नाही लिहिलीत तर दुकानाला सील लागेल, मशीन जमा होईल. विचार करा. दर सोमवारी यायचं."

धाकटीनं कागदावर एक नाव लिहिलं, स्वतःचं, आणि कागद परत सरकवला.

"हे मला माहीत आहे."

"मला तरी एवढंच लिहिता येतं."

दर सोमवारी मी काठी टेकत तिच्याबरोबर जायचो. बाहेर एक लांब बाक होता, एका बाजूनं खचलेला, त्यामुळे बसलेला माणूस हळूहळू भिंतीकडे घसरायचा. सकाळी दहाला बसवायचे, चारला आत बोलवायचे. पुन्हा कोरा कागद, पुन्हा तिचं एक नाव. ना मारहाण, ना शिव्या. नुसतं बसवणं. एकदा बाहेर येऊन ती म्हणाली, "साहेबांची कॉलर विरलीय. मी सांगितलं, उलटवून घ्या, अजून दोन वर्षं जाईल."

"तू त्यांना कॉलरचं सांगितलंस?"

"दिसलं ते सांगितलं. माझ्या हातचं काम आहे, डोळा जातोच."

बाकावरच एकदा मी तिला विचारलं, गवंडीकाका म्हणतात ती लढाई तुला कधी जाणवते का? तिनं बराच वेळ पाय चोळले. अकरा वर्षं रिकामं पायडल मारून तिचे गुडघे कामातून गेले होते.

"काकांचा शत्रू ओरडत येतो, भावोजी. माझा तसा येत नाही. माझ्याच आवाजात बोलतो. अगदी मायेनं. म्हणतो, दमलीस ना गं, टाक लिहून. दहा नावं, पाच मिनिटांचं काम. आणि मी दमलेय हो, खरंच. त्याचं तेवढं बोलणं खरं असतं, म्हणून तर पंचाईत."

यानंतरचं लिहायला मला लाज वाटते, पण गाळलं तर तिची गोष्ट अर्धी राहील. सातव्या सोमवारी ऊन फार होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, चेहरा राखेसारखा. मला पाहवेना. आणि हेही खरं की मलाही बाकाचा कंटाळा आला होता. मी म्हटलं, "लिहून टाक ना. माझ्यापासून सुरुवात कर. माझं आता काय राहिलंय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपण ओळखलेला आवाज भलत्याच तोंडून यावा, तशी दचकली.

"भावोजी, तुम्हीसुद्धा?" म्हणाली. मग म्हणाली, "जरा पाणी आणून द्या."

मी पाणी आणलं. त्या दिवशीही कागदावर एकच नाव होतं.

दहाव्या सोमवारी बोलावणं आलं नाही, माणसं आली. दुकानाला सील लावलं, पायमशीन हातगाडीवर चढवली. साहेब स्वतः उभे होते. हातगाडी गल्लीच्या वळणावरून गेली तरी धाकटी पायरीवर उभीच होती. मग मला म्हणाली, "कॉलर उलटवून घेतली बघा त्यांनी. दुसऱ्या कुणाकडून. काय वाईट बसलीय."

कंपाउंडर खाली आले, दारावरचं सील पाहिलं आणि जिना चढून गेले.

आता ती बायकांचे फाटके कपडे हातानं शिवून देते, लोकांच्या घरी जाऊन. संध्याकाळी बोटं सरळ होत नाहीत.

माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. अकरा वर्षांत ती मी मंडळीला कधी देऊ केली नव्हती. कारणं पुष्कळ सांगत आलो, जिना अरुंद आहे, शेजारी वाईट आहेत. खरं कारण भीती. सील लागल्यानंतरच्या शनिवारी मी धाकटीकडे गेलो आणि म्हटलं, "उद्या सगळ्यांना माझ्याकडे आण. माझ्याजवळ टाइपरायटर आहे. तू आत बस."

ती म्हणाली, "नुसतंच बडवू नका हं. खरं काहीतरी टाइप करा. नाहीतर कुणाचा तरी अर्ज अडकायचा."

तसंच केलं. लोकांचे अर्ज साठवून ठेवले होते, ते रविवारी दुपारी घेऊन बसलो. मागे गवंडीकाकांची लढाई सुरू झाली. पाठमोरा असल्यानं मला काही दिसत नव्हतं. गाणं झालं, मग मौन प्रार्थना. मी वेग कमी केला. आणि तेवढ्यात बारीक घोरणं ऐकू आलं.

मागे वळून पाहिलं. धाकटी भिंतीला टेकून, मांडीवर रिकामे हात ठेवून झोपली होती. अकरा वर्षांनी प्रार्थनेत डोळे मिटले, आणि मिटले ते मिटलेच. गवंडीकाका तिला हलवायला पुढे झाले. मी एका हातानं टाइप करत दुसऱ्या हातानं त्यांना थांबवलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले. म्हणाले, "आमेन." मग एकेक जण चपला हातात घेऊन जिना उतरला.

मी मात्र थांबू शकत नव्हतो. यंत्राच्या आवाजाची तिला इतकी सवय, की खडखड थांबली असती तर ती नक्की जागी झाली असती. अर्ज तर सगळे संपले होते. मी एक कोरा कागद चढवला आणि वर टाइप केलं, आमच्या धाकटीबद्दल लिहायला मी काही योग्य माणूस नाही.