दिराच्या अंगणातल्या शेळ्या

नव्वदचं दशक सरत असताना मी लग्न होऊन पेठच्या पुढच्या डोंगरातल्या एका पाड्यावर आले. तिथे चराईबंदी होती. पाड्यामागच्या डोंगरावर कोणी जनावर सोडायचं नाही; सगळी गोठ्यात बांधलेली आणि त्यांचा चारा आपण कापून डोक्यावरून आणायचा. दिंडोरीच्या द्राक्षबागांत वाढलेल्या मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ही सोयरीक जमली असती का, देव जाणे. आमच्या घरी पाड्यात सगळ्यांत जास्त शेळ्या होत्या आणि त्यांची तोंडं दिवसभर चालायची.

बंदीची कल्पना सासूबाईंचीच. डोंगर बोडका झालेला, जळणासाठी शेजारच्या गावाच्या हद्दीत जावं लागे. एकदा तिथल्या बायकांची बोलणी खाऊन त्या परतल्या आणि भर सभेत म्हणाल्या, आपलाच डोंगर वाढू द्या. सगळ्यांत जास्त शेळ्या असलेली बाईच असं म्हणते म्हटल्यावर बाकीचेही तयार झाले. नियमही त्यांनीच सांगितला. कोणाचं जनावर वर चरलं तर त्याने पाड्याला जेवण घालायचं; पुन्हा चरलं तर जनावरं विकायची.

मी आले त्या वर्षी, आधी तोडलेल्या खोडांना गुडघाभर धुमारे फुटले होते. पाऊस संपला आणि आमच्या घरामागच्या उतारावर त्यांचे शेंडे कुरतडलेले दिसायला लागले. सागाला कोणी तोंड लावलं नव्हतं, पण सादडा आणि आवळा साफ. त्यातच संध्याकाळी वरून कुत्रं भुंकल्याचा आवाज यायचा.

सासूबाईंचे धाकटे दीर, म्हणजे माझे चुलत सासरे, पाड्याच्या समितीचे अध्यक्ष होते. माणूस मायाळू, पण अध्यक्षपद अंगात भिनलेलं. ते दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, वर कोनाचं तरी कुत्रं शेळ्यांच्या मागं लागतंय. आन वाट तुमच्याच घरामागून जाते."

आदल्याच दिवशी आमची एक शेळी दावं तोडून सुटली होती आणि बऱ्याच वेळाने सापडली होती. ती वर गेली नाही, असं सासूबाईंना छातीठोक सांगता येईना. त्यांनी वाद घातला नाही. वर्षाचा म्हणून ठेवलेला तांदूळ काढला, उडदाची आमटी केली आणि सगळ्या पाड्याला वाढलं. स्वतः मात्र घासभरही खाल्लं नाही. मला इतका राग आला की दिरांच्या आमटीत मी मूठभर मिरची जास्त टाकली. ते नाक पुसत दोनदा मागून जेवले.

पंधरवडाही गेला नाही तोच पुन्हा शेंडे कुरतडलेले. आता शेळ्या विकण्याचीच वेळ. सासूबाई तशाच उठल्या, सगळ्या शेळ्या सोडल्या आणि दिरांच्या अंगणात नेऊन बांधल्या.

"भावजी, आता ह्यांची राखन तुमी करा. तरीबी वर चरलं, तर बोला."

पुढचे दिवस मी फार सुखात काढले. शेळ्यांनी दिरांचा वालाचा वेल खाल्ला, वाळत घातलेल्या धोतराचा काठ खाल्ला. सासूबाईंच्या जाऊबाई, म्हणजे त्यांची बायको, त्यांना काय काय बोलल्या ते मी कुंपणाआडून ऐकलं आणि नवऱ्याला नक्कल करून दाखवली. दीर बिचारे अंगणातच खाट टाकून झोपायचे.

एका सकाळी ते स्वतःच आमच्याकडे आले. डोळे तांबारलेले. "वहिनी, शेळ्या समद्या माज्यासमोर हायेत. आन वर आत्ताच भुंकलं."

ते, सासूबाई आणि मी असे तिघं डोंगर चढलो. करवंदीच्या जाळीमागे दबून बघतो तर धुमाऱ्यांत तांबूस रंगाचं, शेळीएवढंच जनावर मान खाली घालून आवळ्याचे शेंडे खुडत होतं. पाय हरणासारखे काटकुळे. आमचा वास लागला तसं ते थबकलं आणि चक्क कुत्र्यासारखं भुंकलं.

"भेकर," दीर पुटपुटले. "लहानपनी ऐकलं होतं हे. डोंगर गेला तवा तेबी गेलं." ज्या आवाजाने माझ्या सासूला गुन्हेगार ठरवलं, तो या माणसाच्या बालपणातला होता आणि त्यालाच तो ओळखता आला नव्हता.

पण अध्यक्ष ते अध्यक्षच. भेकराने पुढच्या आवळ्याला तोंड लावलं तसे ते भानावर आले. "असंच खात राह्यलं तर झाडं वर कशी यायची?" म्हणत त्यांनी दगड उचलला.

सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"ठेवा तो खाली, भावजी. त्याचा दंड मी भरलाय."