फेरविचारासाठी परत

चूक माझीच. संसदेचं विधेयक राष्ट्रपतींना फेरविचारासाठी एकदाच परत पाठवता येतं, पुन्हा आलं की सही करावीच लागते, हे मी नागरिकशास्त्राच्या तासाला दरवर्षी शिकवतो. माझ्या मुलीचा, मुक्ताचा, नाट्यशाळेचा अर्ज मात्र मी तीनदा परत केला.

आज तो पुन्हा टेबलावर दिसला. घडीवर फाटलेला, चिकटपट्टी लावून जपलेला. पालकाच्या सहीची जागा तेवढी कोरी. एवढ्या मोठ्या पदाला मर्यादा आहे, पण बापाच्या नकाराला ती कुणी घातलीच नाही.

"बाबा, उद्या शेवटची तारीख," मुक्ता हळूच म्हणाली. "तुम्ही राष्ट्रपती असता, तर दुसऱ्या खेपेलाच सही करावी लागली असती."

मी सही केली. म्हणालो, "चुकलो गं, मुक्ता. तेव्हाच करायला हवी होती."